कोपनहेगनला जाताना आई-बाबांसोबत माल्मोला एक दिवस द्यावा का?

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये आई-बाबांना घेऊन आठवडाभर कोपनहेगनला जाताय, त्यातला एक दिवस समुद्रापलीकडच्या, स्वीडनमधल्या माल्मोला द्यावा का, तिथं डेंजर आहे म्हणतात ते खरं का, आणि शाकाहारी खाण्याचं काय. मी शेजारच्या लुंडला राहतो, आमची शनिवारची भाजी माल्मोतूनच येते, त्यामुळे माझं मत थोडं एकतर्फी धरा. या, बिनधास्त या. पण टर्निंग टॉर्सो या पिळलेल्या टॉवरसमोर फोटो काढून चार तासांत परत असा बेत असेल तर मात्र राहू द्या, कारण हे पॉइंट बघत फिरायचं शहर नाहीये, खायचं आणि निवांत भटकायचं आहे.

ट्रेन कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनवरून पाऊण तासाच्या आत पोचवते, एअरपोर्टवरून तर अजून लवकर. तिकीट चढण्याआधी काढा. आधी समुद्राखालचा बोगदा, मग भर टाकून केलेलं बेट आणि मग जवळपास 8 किलोमीटरचा ओरेसुंड पूल, 2000 साली सुरू झालेला, पण ट्रेन खालच्या मजल्यावरून जाते त्यामुळे खांबांच्या मधून मधून जेवढा समुद्र दिसेल तेवढाच. पासपोर्ट हॉटेलात ठेवून येऊ नका हं, दोन्ही देश शेंगेनमधले, म्हणजे एकाच व्हिसावर चालणारे, असले तरी माल्मोच्या हिली स्टेशनला पोलीस चढून बघतात कधीकधी.

माल्मो सेंट्रलला, म्हणजे मुख्य स्टेशनला जायच्या आधीच ट्रियांगेलन स्टेशनला उतरा आणि चालत म्योलानला जा, म्हणजे म्योलेवोंगेन चौकाचा भाग. सोमवार ते शनिवार तिथं उघड्यावर बाजार भरतो, कोथिंबीर-पुदिन्याच्या जुड्या, फळांचे ढीग, आणि अरबी, स्वीडिश, बोस्नियन सगळं एकाच वेळी कानावर पडतं. मध्ये 1931 चा पुतळा आहे, कामगार मिळून एक प्रचंड दगड वर उचलतायत आणि दगडावर माल्मो शहर कोरलंय. ते शहर खरंच कामगारांचं होतं, कोकुम्सच्या जहाज कारखान्यासाठी युगोस्लाव्हियातून वगैरे लोक आले, मग नव्वदीत बोस्नियाचे निर्वासित, नंतर इराक, सीरिया. आज साधारण तीनातला एक माल्मोकर परदेशात जन्मलेला आहे. फुटबॉलपटू झ्लाटान इब्राहिमोविच इथल्याच रोसेनगोर्ड वस्तीतला, त्याचे आई-वडील बोस्निया आणि क्रोएशियाकडचे.

शाकाहाराचं टेन्शन तर घेऊच नका, माल्मोचा वडापाव म्हणजे फलाफेल, काबुली चण्याचे तळलेले वडे. रोल घ्या, बाबांना तिखट हवं असेल तर स्टार्क सोस, म्हणजे तिखट सॉस मागा. फक्त बहुतेक दुकानांत शेजारीच चिकन-कबाब असतो, त्याच चिमट्याने वाढलेलं चालत नसेल तर आधी विचारून घ्या.

डेंजरबद्दल: गोळीबाराच्या बातम्या खोट्या नाहीत, पण ती मुख्यतः टोळ्यांची आपसातली भांडणं, दिवसा बाजारात फिरणाऱ्या आई-बाबांशी त्याचा संबंध येणं अवघड. पाकीट सांभाळा, जसं कोपनहेगनला सांभाळाल तसंच.

दुपारनंतर वेस्त्रा हामनेन, म्हणजे जुन्या बंदराचा भाग. टर्निंग टॉर्सो, 190 मीटरचा पिळलेला टॉवर, तिथंच आहे, आर्किटेक्ट कालात्राव्हाचा, 2005 चा, पण आत लोकांची घरं आहेत, वर जाऊन बघू म्हणाल तर नाही. मला विचाराल तर टॉवरपेक्षा तिथं जे नाही त्याची गोष्ट भारी आहे. कोकुम्सची 138 मीटर उंच क्रेन, शहराची ओळखच ती, कारखाना बसल्यावर 1 डॉलरला कोरियाच्या ह्युंदाईला गेली आणि 2002 मध्ये भाग सुटे करून जहाजातून कोरियातल्या उल्सानला नेली. आता तिथं फळ्यांच्या पायऱ्यांवर लोक ऊन खात बसतात, समोर पूल दिसतो. जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमारास मावळतो म्हणून घाई नाही, मात्र वारा बेक्कार असतो, आईसाठी जॅकेट आणि कानटोपी घ्याच, जून असला तरी.

पुढे रिबेर्सबोर्ग बीचवर पाण्यातलं 1898 चं स्नानगृह आहे, सौना आणि समुद्रात डुबकी. बायका-पुरुषांचे भाग वेगळे, पण आत कपडे घालत नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं 😄 नाहीतर तिथल्या रेस्टॉरंटात कॉफी घेऊन या.

पैसे: डॅनिश क्रोन वेगळा, स्वीडिश क्रोना वेगळा, पण बदलायच्या भानगडीत पडू नका, सगळीकडे कार्ड चालतं आणि बसमध्ये तर रोख घेतच नाहीत. आणि तारखा बघून घ्या, मिडसमर या स्वीडिश सणाचा शुक्रवार (19 ते 25 जूनमधला) आला तर बरंच काही बंद असतं, त्या दिवशी कोपनहेगनलाच थांबा आणि माल्मोला आदल्या बुधवारी-गुरुवारी या.