केकमधली साखर : किती काढता येते आणि काढली की काय होतं

घरच्या केक-बिस्किटांतली पांढरी साखर कमी करायची आहे, पण केली की पदार्थ फसतो, ही तक्रार बऱ्याच पत्रांत आहे. त्यातले वेगवेगळे प्रश्न निवडून इथे उत्तरं देत आहोत. घरोघरच्या वाट्या सारख्या नसतात, म्हणून मापं ग्रॅममध्ये दिली आहेत. साधा डिजिटल वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या, नवा साचा नंतर.

प्रश्न : माझ्या बटर केकला २०० ग्रॅम मैदा, १८० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम लोणी, ३ अंडी आणि ८० मिली दूध लागतं. साखर निम्मी केली तर केक बुटका, फिकट आणि दुसऱ्या दिवशी कोरडाठाक झाला. मग कमी करायची तरी किती? (ठाणे)

उत्तर : १३५ ग्रॅमपर्यंत बेलाशक या. पाव हिस्सा साखर गेलेली खाणाऱ्यांच्या बहुधा लक्षातही येत नाही. १२० ग्रॅमला फरक कळतो, पण केक चांगला होतो. ९० ग्रॅमला काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे.

साखर केकमध्ये फक्त गोडीसाठी नसते. लोण्याबरोबर फेटताना तिचे दाणे लोण्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकवतात, आणि बेकिंग पावडरचा वायू पुढे याच बुडबुड्यांना फुगवतो. दाणे कमी तर बुडबुडे कमी. दुसरं म्हणजे साखर पाणी धरून ठेवते. ती कमी झाली की ते पाणी मैद्याला मिळतं, ग्लुटेन (मैद्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं) जास्त तयार होतं आणि केक चिवट होतो. तिसरं काम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही : साखरेमुळे मैद्यातला स्टार्च आणि अंड्यातली प्रथिनं जास्त तापमानाला घट्ट होतात, म्हणजे केकला फुगायला वेळ मिळतो. साखर निम्मी केलीत तेव्हा तुमचा केक पुरता फुगायच्या आतच आवळला. वरचा तपकिरी रंगही बराचसा साखरेचाच.

म्हणून १२० ग्रॅमवर यायचं असेल तर इतर गोष्टीही हलवाव्या लागतील. साखर मिक्सरमध्ये दोन-तीनदाच फिरवून बारीक दाण्याची करा. पिठीसाखर करू नका, तिच्याने हवा नीट धरली जात नाही. लोणी बोट सहज रुतेल इतकं मऊ हवं, वितळलेलं नको, आणि ते नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त फेटा. दूध दोन मोठे चमचे वाढवा. मैदा घातल्यावर कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. दोन मोठे चमचे दूध पावडर मैद्यात मिसळली तर रंग परत येतो. केक लवकर तयार होईल, तेव्हा ठरल्या वेळेच्या पाच-सात मिनिटं आधी सुई घालून बघा. चिमूटभर मीठ, व्हॅनिला, संत्र्याची किसलेली साल किंवा वेलची यांनी गोडी आहे त्यापेक्षा जास्त जाणवते. थेट १२० वर उडी मारण्यापेक्षा दर वेळी १५ ग्रॅम काढा, घरच्यांच्या जिभेला सवय होऊ द्या.

दोन ठिकाणी मात्र हात आखडता घ्या. कोको घातलेल्या केकमध्ये कोकोचा कडवटपणा साखरच झाकते, तिथे पाव हिस्सा ही मर्यादा समजा. आणि नुसत्या अंड्यांच्या फेसावर फुगणाऱ्या स्पंजमध्ये साखर तो फेस टिकवते. एका अंड्यामागे साधारण ३० ग्रॅमचं प्रमाण २४-२५ वर आणता येतं, त्याखाली फेस मैदा मिसळतानाच बसायला लागतो.

प्रश्न : साखरेऐवजी तेवढाच गूळ गरम करून घातला. केक मध्ये खचला, तळाशी चिकट थर राहिला आणि वरून काळपट झाला. पण निदान साखर तरी टळली ना? (सांगली)

उत्तर : शेवटचं आधी. नाही टळली. गूळ बहुतांशी साखरच असतो, वर थोडं पाणी आणि थोडी खनिजं. उष्मांकही साखरेच्या जवळपास तेवढेच. एका तुकड्यातल्या पंधरा ग्रॅम गुळातून मिळणारी खनिजं जेमतेम. गूळ चवीसाठी जरूर वापरा. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याचा खमंगपणा केकमध्ये सुंदर उतरतो. पण १८० ग्रॅम साखरेच्या जागी १८० ग्रॅम गूळ घालून आपण साखर सोडली असं मानणं ही स्वतःची फसवणूक आहे. त्यापेक्षा १३५ ग्रॅम पांढरी साखर बरी.

आता केक का फसला ते. गरम गुळाने लोणी वितळलं, म्हणजे फेटून धरलेली हवा गेली. गूळ विरघळवताना घातलेलं पाणी दुधातून वजा केलं नाही, म्हणून मिश्रण सैल झालं आणि तळाशी बसलं. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार स्वरूपात असल्याने रंग लवकर चढतो. त्या रंगाला फसून तुम्ही केक कच्चाच बाहेर काढलात. गुळाच्या केकचा रंग बघायचाच नाही, सुई काय म्हणते ते बघायचं.

गूळ आणि लोणी फेटण्याच्या नादी न लागता तेलाचा केक करा. १४० ग्रॅम चिरलेला गूळ ६० मिली पाण्यात मंद आचेवर विरघळेपर्यंतच ठेवा, उकळून पाक होऊ देऊ नका. गाळा, कारण खडे आणि चिपाडं निघतात. पातेलं हाताला गार लागेपर्यंत थांबा. त्यात १५० ग्रॅम दही आणि ९० मिली तेल घालून एकजीव करा. १०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम कणीक, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा आणि थोडी सुंठ किंवा जायफळ चाळून त्यात हलकेच मिसळा. सात इंची साच्यात, १६० ते १६५ अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. सोडा वाढवू नका. जास्तीच्या सोड्याने केक आधी भराभर फुगून मग खचतो आणि तोंडात साबणासारखी चव राहते.

चिकीचा गूळ इथे नको, साधा मऊ गूळ घ्या. काकवी वापरायची तर ती आधीच पातळ असते, तेव्हा पाणी वेगळं घालू नका.

प्रश्न : नानकटाईत पिठीसाखर कमी केली तर ती पसरत नाही, भेगा पडत नाहीत आणि खाताना पिठूळ लागते. गूळ घातला तर दगड झाली. (नाशिक)

उत्तर : नानकटाई भट्टीत पसरते ती तूप आणि साखर वितळल्यामुळे. साखर काढली की गोळा जसाच्या तसा उभा राहतो. मैदा १०० ग्रॅम, बेसन ३०, बारीक रवा २०, तूप ९५ आणि पिठीसाखर ८० ऐवजी ५५ ग्रॅम धरा. पसरण्याचं काम आता तुमच्या हाताने करायचं : गोळा दाबून एक सेंटिमीटर जाडीचा करा आणि कडा थोड्या फाटू द्या, भेगा तिथूनच पडतात. पिठूळपणावर उपाय म्हणजे बेसन. घेतलेल्या तुपातल्या दोन चमचे तुपावर ते मंद आचेवर वास सुटेपर्यंत परता, पूर्ण गार करा, मगच मिसळा. उरलेलं तूप थिजलेलं, दाणेदार हवं. वेलची अर्धा छोटा चमचा, जायफळ थोडं, मीठ चिमूटभर. १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. वरून रंग येण्याची वाट पाहू नका, एक उलटून बघा. तळ बदामी झाला की काढा.

दगड झाली ती पाण्यामुळे. विरघळवलेल्या गुळातलं पाणी मैद्याला मिळालं आणि मळताना ग्लुटेन तयार झालं. नानकटाईला कोरडी गूळ पावडरच लागते, तीही चाळून, नाहीतर गुठळ्या वितळून काळे डाग पडतात. गूळ हवेतला ओलावा ओढतो, त्यामुळे पावसाळ्यात ही नानकटाई दुसऱ्याच दिवशी मऊ पडते. घट्ट झाकणाचा डबा हवा, आणि थोडीथोडीच करावी.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलीसाठी खजुराचा केक करते. तो ‘बिनसाखरेचा’ म्हणता येईल का? मध चालेल का? (पुणे)

उत्तर : वरून साखर घातलेली नाही, एवढंच म्हणता येईल. खजुराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग साखरच असते. सोबत तंतू येतात, हा फायदा खरा. डब्यात मिळणारा मऊ काळा खजूर २०० ग्रॅम घ्या, बिया काढून १५० मिली गरम दुधात अर्धा तास भिजवा, गुळगुळीत वाटा. त्यात २ अंडी, ८० मिली तेल, १८० ग्रॅम कणीक आणि दीड छोटा चमचा बेकिंग पावडर. १६५ अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. वाटण भरड राहिलं तर केक जागोजागी गिच्च होतो, म्हणून मिक्सर मन लावून फिरवा. खजूर १५० ग्रॅमवर आणून एक पिकलेलं केळं कुस्करून घातलं तर आणखी बरं, पण मग दूध १०० मिलीच घ्या.

मध एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात देऊ नये, बॉट्युलिझम या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो, आणि भट्टीतल्या उष्णतेने त्या जिवाणूंचे बीजाणू मरतील असं गृहीत धरू नये. तुमच्या मुलीला चालेल, पण मधही साखरच. वापरलाच तर १०० ग्रॅम साखरेला ७५ ग्रॅम मध, द्रव १५ मिली कमी आणि तापमान १० अंश कमी.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. स्टीव्हिया किंवा एरिथ्रिटॉल ही साखरेऐवजीची गोडी घालून केक केला तर ते पोटभर खाऊ शकतील का? (नागपूर)

उत्तर : नाही. २०० ग्रॅम मैद्यात जवळपास दीडशे ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि ती शेवटी ग्लुकोजच होतात. साखर शून्य केली तरी मैदा जागेवरच आहे. तुकडा लहान आणि जेवणातली पोळी किंवा भात तेवढा कमी, हा हिशोब त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी स्टीव्हियासारखी गोडी वापरू नये अशी शिफारस केली. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही, तेव्हा तेवढ्यावरून घाबरू नका.

बेकिंगच्या दृष्टीने पाहाल तर स्टीव्हिया चिमूटभरच लागतं, म्हणजे साखरेचं वजन आणि तिची बाकीची कामं कुणीच करत नाही. वर थोडी कडवट चव मागे राहते. एरिथ्रिटॉल साखरेच्या साधारण ७० टक्के गोड. ते तपकिरी होत नाही, तोंडात पुदिन्यासारखं गार लागतं आणि केक थंड झाल्यावर पुन्हा दाणे धरतं. निम्मी साखर आणि पाव भाग एरिथ्रिटॉल अशी सांगड बरी जमते. मैद्यातला ५० ग्रॅम भाग बदामाच्या पुडीने बदला, त्याचा उपयोग या सगळ्यापेक्षा जास्त. बाजारच्या ‘शुगर फ्री’ बिस्किटांच्या वेष्टनावर माल्टिटॉल (हीही साखरेऐवजीची गोडी) लिहिलंय का पाहा. ते रक्तातली साखर थोडीफार वाढवतंच आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं.

प्रश्न : वाढदिवसाच्या केकला आयसिंग हवंच. त्याचं काय? (डोंबिवली)

उत्तर : खरी साखर तिथेच लपलेली असते. १२५ ग्रॅम लोण्याच्या बटरक्रीमला २५० ग्रॅम आयसिंग शुगर लागते. केकचे दहा तुकडे केले तर प्रत्येकात नुसत्या आयसिंगची २५ ग्रॅम साखर, म्हणजे सहा छोटे चमचे. रोजच्या २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. केकमधली १५ ग्रॅम साखर काढण्यासाठी जीव काढायचा आणि वर हा थर द्यायचा, याला अर्थ नाही.

आपल्याकडे चक्का आहे की. साईच्या ५०० ग्रॅम दह्याचा चक्का फ्रिजमध्येच रात्रभर टांगा, पुरणयंत्रातून काढा आणि ४० ग्रॅम पिठीसाखर, केशर, वेलची घालून चमच्याने कालवा. बीटर लावू नका, सैल पडतो. साखर घातल्यावर त्याला पाणी सुटायला लागतं, म्हणून केकवर लावायच्या वेळीच मिसळा आणि पूर्ण गार केकवर पसरा. तुकड्यामागे ४ ग्रॅम साखर झाली. गुलाबाची फुलं यातून काढता येत नाहीत, आणि उन्हाळ्यात केक कापायच्या वेळीच फ्रिजबाहेर काढायचा.

प्रश्न : इथल्या पाककृतींत एक कप साखर असते. त्याऐवजी एक कप बिनसाखरेचा ॲपलसॉस (सफरचंदाचा शिजवलेला गर) घालतात, पण मफिन रबरासारखे होतात. (न्यू जर्सी)

उत्तर : तुमच्या एका कपात २०० ग्रॅम साखर मावते, आणि ॲपलसॉस म्हणजे जवळजवळ ८८ टक्के पाणी. साखरेच्या जागी पाणी ओतलं की रबर होणारच. साखर १३० ग्रॅम, ॲपलसॉस ६० ग्रॅम आणि दूध ४० मिली कमी, इथवरच जा. बनाना ब्रेडमध्ये मात्र साल काळी पडलेली केळी घेऊन साखर १०० ग्रॅमवर आणता येते. ब्राउन शुगर म्हणजे मळी मिसळलेली पांढरी साखर, तिच्यात फायदा शोधू नका.

प्रश्न : घरच्या लादीपावात ५०० ग्रॅम मैद्याला ४० ग्रॅम साखर घालते. साखर नसेल तर यीस्ट उठेल का? (रत्नागिरी)

उत्तर : उठेल. मैद्यातल्या स्टार्चपासून पिठातलीच विकरं माल्टोज तयार करतात, यीस्टला तेवढं पुरतं. साखर मैद्याच्या १० टक्क्यांवर गेली तर यीस्ट उलट मंदावतं. १० ग्रॅम ठेवा. पीठ फुगायला थोडा जास्त वेळ लागला तर घड्याळाकडे न बघता दुप्पट होऊ द्या. रंगासाठी भट्टीत घालण्यापूर्वी वरून दूध लावा आणि २०० ऐवजी २१० अंशांवर भाजा. साखर कमी असलेले पाव लवकर शिळे होतात आणि फ्रिजमध्ये ठेवले तर आणखी लवकर. त्याच दिवशी संपणार नसतील ते पूर्ण गार झाल्यावर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका आणि गोठलेलेच तव्यावर झाकण ठेवून गरम करा.