मुलांचं लसीकरण सरकारने सक्तीचं करावं का?

करावं. निदान गोवरासारख्या झपाट्याने पसरणाऱ्या आजारांसाठी तरी. पण दंडाच्या धाकाने नको.

गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. साथ थोपवायची तर सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. नऊ महिन्यांखालच्या तान्ह्या बाळाला आपल्या नेहमीच्या वेळापत्रकात ही लस मिळतच नाही. त्याचं रक्षण बरंचसं आजूबाजूच्या मुलांच्या लशीवर असतं. म्हणून ‘माझं मूल, माझा निर्णय’ हे मला पटत नाही.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीत, गोवराने मुलं दगावली. कोविडकाळात राहून गेलेले डोस हे त्याचं एक मोठं कारण. पण आईच्या बाजूनेही पाहा: लस टोचल्यावर मांडी सुजलेलं, तापाने रात्रभर किरकिरणारं बाळ, आणि सकाळी बुडालेला रोज. ती पुढच्या तारखेला आली नाही तर तिला दंड करून काय साधणार? आशाताईने आधीच ‘ताप येईल, घाबरू नका, हे औषध एवढंच द्या’ असं सांगितलं असेल, तर ती परत येण्याची शक्यता कितीतरी जास्त.

इटलीने २०१७ मध्ये १० लसी सक्तीच्या केल्या, त्याशिवाय बालवाडीत प्रवेश नाही. आपल्याकडे मात्र मुलाची शाळा अडवू नये. प्रवेशाच्या वेळी कार्ड तपासावं, राहिलेला डोस तिथेच द्यावा. तरीही नकार असेल तर पालकांनी डॉक्टरांशी बोलून तसं लेखी द्यावं, आणि साथ आली की तेवढे दिवस मुलाला घरी ठेवावं.