इंग्रजीची शंका : 'हॅड' कधी लावायचा आणि कधी सोडायचा

प्रश्न : मी बार्शीच्या एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघतो. आता रोजचा अहवाल मुख्य कार्यालयाला इंग्रजीत मेल करावा लागतो. मी लिहितो, 'आय हॅड गॉन टु द बॉरोअर्स हाउस यस्टरडे.' साहेब दर वेळी त्यातला 'हॅड' खोडतात, कारण मात्र सांगत नाहीत. मराठीत आपण 'मी काल गेलो होतो' असंच म्हणतो ना?

उत्तर : म्हणतो, आणि मराठीत ते अगदी बरोबर आहे. 'गेलो होतो' म्हणजे गेलो, काम केलं आणि परतही आलो. तुम्ही साहेबांना नुसतं 'मी काल कर्जदाराच्या घरी गेलो' एवढंच सांगितलंत, तर ते 'बरं, मग?' असं विचारतील. 'गेलो होतो' म्हटलं की विषय पुरा होतो.

इंग्रजीत नेमकं उलटं आहे. 'आय वेंट' म्हटलं की वाक्य पुरं होतं. 'आय हॅड गॉन' म्हटलं की वाचणारा पुढच्या गोष्टीची वाट बघत बसतो, कारण 'हॅड' सांगतो की भूतकाळात दुसरं काहीतरी घडलं आणि हे त्याच्याही आधीचं आहे. तुमच्या मेलमध्ये ते दुसरं काही येतच नाही, म्हणून साहेब 'हॅड' खोडतात. 'आय वेंट टु द बॉरोअर्स हाउस यस्टरडे', बस.

तुमच्याच कामातलं उदाहरण घ्या. 'व्हेन आय रीच्ड, ही लेफ्ट' असं लिहिलंत तर अर्थ होतो की तुम्ही पोचलात आणि तुम्हाला बघून तो निघाला. 'व्हेन आय रीच्ड, ही हॅड लेफ्ट' लिहिलंत तर तो आधीच गेला होता, तुमची गाठच पडली नाही. वसुलीच्या अहवालात या दोन वाक्यांत केवढा फरक आहे! पहिल्यात कर्जदार टाळाटाळ करतोय, दुसऱ्यात त्याचा बिचाऱ्याचा काही दोष असेलच असं नाही. इथे 'हॅड' हवाच. पण 'बिफोर' किंवा 'आफ्टर' वापरून आधी काय, नंतर काय हे स्पष्ट झालं असेल, तर 'हॅड' नसला तरी चालतो : 'ही लेफ्ट बिफोर आय रीच्ड.'

मी माझ्या संध्याकाळच्या वर्गात एक सवय लावते, ती तुम्हीही लावून घ्या. मेल पाठवण्याआधी प्रत्येक 'हॅड' बोटाने झाकायचा, पुढचं क्रियापद साध्या भूतकाळात धरायचं आणि वाक्य पुन्हा वाचायचं. अर्थ तोच राहिला तर 'हॅड' काढून टाकायचा.

जाता जाता हप्त्यांचंही सांगते, कारण ते तुमच्या अहवालात रोज येत असणार. आजवर किती भरले हे सांगायचं असेल तर 'ही हॅज पेड टू इन्स्टॉलमेंट्स.' तारीख द्यायची असेल तर 'हॅज' गेला : 'ही पेड द सेकंड इन्स्टॉलमेंट ऑन 5 ऑगस्ट.' 'हॅज पेड' आणि उलटून गेलेली तारीख एका वाक्यात बसत नाहीत. बायोडेटात 'आय हॅव पास्ड बी.कॉम. इन 2018' हे वाक्य मी सतत बघते. ते 'आय पास्ड बी.कॉम. इन 2018' असं हवं. 'मी कालच आलोय' हे मराठीत झकास चालतं, पण इंग्रजीत 'काल' आला की 'आय केम'च. 'काल', 'गेल्या वर्षी', '2018 साली' असा शब्द वाक्यात आहे का, हे आधी बघा. काळ त्यानंतर ठरवा.

प्रश्न : मी मिरजेच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. इंग्लंडला जायचं म्हणून ओईटीचा, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेचा, अभ्यास करतेय. सराव परीक्षेत माझी दोन वाक्यं चुकीची ठरवली : 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' आणि 'द पेशंट इज हॅविंग फीव्हर सिन्स थ्री डेज.' चुकलं काय?

उत्तर : दोन्हींत चूक एकच आहे. मराठीत 'मी पाच वर्षं इथे काम करतेय' असं म्हणताना आपण सरळ वर्तमानकाळ वापरतो, कारण काम आजही चालू आहे. इंग्रजीला तेवढं पुरत नाही. जे मागे सुरू झालं आणि आजपर्यंत पोचलं, त्याच्यासाठी तिला 'हॅव' किंवा 'हॅज' लागतो : 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.' 'सिन्स'च्या पुढे सुरुवात सांगायची, म्हणजे 2019, सोमवार किंवा सकाळचे सहा. 'फॉर'च्या पुढे किती काळ गेला ते सांगायचं.

तापाचं वाक्य 'द पेशंट हॅज हॅड फीव्हर फॉर थ्री डेज' असं हवं. 'हॅज हॅड' कानाला विचित्र वाटतं, पण ते बिनचूक आहे, धीटपणे म्हणा. 'हॅव'चा अर्थ 'असणं' असेल तेव्हा त्याला शक्यतो 'आयएनजी' लावू नका. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' हेही त्याच कारणाने चुकतं. मात्र डोळ्यांदेखत काही घडत असेल तर 'आयएनजी' लागतो. रुग्णाला आत्ता आकडी येत असेल तर 'ही इज हॅविंग अ सीझर' हेच बरोबर.

तुमच्या कामात याहून महत्त्वाचं आहे ते पाळी बदलतानाचं हँडओव्हर. 'पॅरासिटामॉल हॅज बीन गिव्हन' एवढंच सांगितलंत तर औषध दिलंय हे कळतं, कधी दिलं ते कळत नाही. पुढच्या सिस्टरला पुढचा डोस ठरवायला वेळ हवी असते. 'पॅरासिटामॉल वॉज गिव्हन अ‍ॅट टू पी.एम.' असं सांगा. उलटी, ताप, लघवी यांचंही तसंच. आतापर्यंतची परिस्थिती 'हॅज'ने सांगायची : 'शी हॅज व्हॉमिटेड ट्वाइस.' घड्याळातली वेळ आली की साधा भूतकाळ : 'शी व्हॉमिटेड अ‍ॅट थ्री.' हे अंगवळणी पडलं की ओईटीच्या बोलण्याच्या परीक्षेतही तुम्हाला अडखळायला होणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी चिपळूणला मराठी शाळेत आठवीत आहे. बारा काळांचा तक्ता तिला तोंडपाठ आहे, पण चार वाक्यं लिहायला सांगितली की रडकुंडीला येते. काय करू?

उत्तर : ताई, तक्ता काही दिवस कपाटात ठेवा. त्यातला 'हॅड बीन गोइंग' किंवा 'विल हॅव बीन गोइंग' तिला एवढ्यात कुठेच लागणार नाही. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी आठवीतल्या मुलीला काल काय केलं ते लिहिता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. यात तिचा दोष नाही. खरं तर शिकवण्याचा क्रमच उलटा आहे.

तिला रोज रात्री आदल्या दिवसाबद्दल पाच ओळी लिहू द्या, फक्त साध्या भूतकाळात. तो मराठीपेक्षा कितीतरी सोपा आहे, हेही तिला सांगा. मराठीत आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं, पोहे खाल्ले. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'एट', मग खाणारा कोणीही असो आणि खाल्लेलं काहीही असो. ती अडेल ती प्रश्नात आणि नकारात. 'आय डिड नॉट वेंट' असं हमखास लिहील. 'डिड'ने भूतकाळ सांगून झाला, आता पुढचं क्रियापद मूळ रूपात, 'आय डिड नॉट गो', एवढंच समजवा. 'गो-वेंट', 'ईट-एट', 'बाय-बॉट' अशी रोजची क्रियापदं वाक्यातून पाठ होऊ द्या, नुसत्या यादीतून नको. आणि वहीतली प्रत्येक चूक लाल शाईने खोडू नका. एका दिवशी फक्त 'डिड'च्या चुका बघा.

प्रश्न : 'व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम' यात चूक काय? दोन्ही गोष्टी पुढेच घडणार आहेत. (बारावीचा विद्यार्थी, परभणी)

उत्तर : 'तो येईल तेव्हा मी सांगेन' असं मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ येतो, म्हणून तुला ते बरोबर वाटतं. इंग्रजीत 'व्हेन', 'इफ', 'अन्टिल', 'अ‍ॅज सून अ‍ॅज' यांनी सुरू होणाऱ्या, वेळ किंवा अट सांगणाऱ्या भागात 'विल' घालत नाहीत : 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.' पण प्रश्न विचारताना 'व्हेन विल ही कम?' हे बरोबर, आणि 'आय डोंट नो व्हेन ही विल कम' हेही बरोबर, कारण तिथे 'व्हेन'चा अर्थ 'तेव्हा' नाही, 'कधी' आहे.