'सोन'मधला 'ओ' गेला कुठे?

प्रश्न : ॲपवर रशियन शिकतेय. स्वप्न म्हणजे 'सोन', पण स्वप्नाचं म्हणायचं झालं की 'स्ना'. मधला ओ एकदम गायब! आणि दोन अक्षरं अशी आहेत की त्यांना उच्चारच नाही, मग ठेवलीत कशाला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, तुमचे दोन प्रश्न म्हणजे खरं एकच गोष्ट आहे. त्या मुक्या अक्षरांना येर म्हणतात आणि हजारेक वर्षांपूर्वी ती चांगली बोलायची, एक ओझरता उ (आताचा 'जड येर') आणि एक ओझरता इ (आताचा 'मऊ येर'). तेव्हा स्वप्न होतं साधारण 'सुनु' आणि दिवस होता 'दिनि' (हो, आपल्या 'दिन'चाच लांबचा भाऊ). नंतर हे स्वर इतके बारीक झाले की काही उडाले आणि काही फुगले. कुठला उडणार ते शब्दाच्या शेवटाकडून मोजायचं, शेवटचा येर दुबळा, त्याच्या आधीचा दणकट, आणि पुढच्या अक्षरात पूर्ण स्वर असेल तर येर परत दुबळाच. 'सुनु'तला शेवटचा उडाला, आधीचा रशियनमध्ये ओ झाला, म्हणून सोन. 'सुना'मध्ये, म्हणजे 'स्वप्नाचं'च्या जुन्या रूपात, शेवटी पूर्ण आ बसलाय, म्हणून उ दुबळा, गेला, उरलं स्ना. हा नियम आंतोनीन हावलीक या चेक अभ्यासकाने 1889 मध्ये मांडला. पोलिशमध्ये तेच 'सेन' आणि 'स्नु', सर्बियनमध्ये 'सान' आणि 'स्ना'. आपणही कापूस म्हणतो पण कापसाचा म्हणताना ऊ खातोच की, कारण वेगळं असलं तरी कानाला सवय आहे.

आवाज गेला पण लिहायची सवय जाईना, शब्द व्यंजनाने संपला की रशियन लोक मुकाट्याने एक जड येर चिकटवत राहिले ते थेट 1918 पर्यंत, केवढी शाई आणि कागद! आता जड येर फक्त मध्ये भिंत घालतो, 'स्येल' म्हणजे बसला आणि भिंत घातली की 'स-येल' म्हणजे खाल्लं. मऊ येर तर कामाचाच आहे, 'ब्रात' म्हणजे भाऊ आणि त्याच्या शेवटी मऊ येर लावला की घेणं, तेव्हा परीक्षेत तो विसरू नका. जुना थाट दाखवायला 'कोमेर्सांत' हे पेपरवाले नावाच्या शेवटी अजून जड येर मिरवतात.

बल्गेरियनमध्ये मात्र तो अजून बोलतो, जवळपास आपल्या अ सारखा. तिथे स्वप्नाला 'सन' म्हणतात, आणि लिहितात त्याच अक्षराने.