वाचक विचारतात : ओरड थांबली, चूक तशीच

या वेळच्या बहुतेक पत्रांत एक वाक्य ठरलेलं आहे : ‘नेटवर सापडलेला उपाय केला, एरर गेली, पण...’ त्या ‘पण’नंतरचा भाग इथे घेतला आहे. (आज्ञा आणि फंक्शनांची नावं देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा.)

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या साइटवर वाचक पुस्तकांवर अभिप्राय लिहितात. मराठी व्यवस्थित सेव्ह होतं, पण कोणी इमोजी टाकला की ‘इन्करेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’ अशी एरर यायची. नेटवर ‘मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड बंद करा’ असं तीन-चार ठिकाणी वाचलं, तसं केलं आणि एरर गेली. आता वाचकांची तक्रार आहे की अभिप्राय अर्धाच दिसतो. — ग्रंथालय सेवक, नाशिक

सगळ्यात आधी स्ट्रिक्ट मोड परत चालू करा, अगदी आजच. तो बंद असताना मायएसक्यूएल (साइटचा डेटाबेस) न मावणारा मजकूर नाकारत नाही. इमोजी जिथे आला तिथून पुढचं सगळं कापतो आणि उरलेलं मुकाट सेव्ह करतो. इशारा देतो, पण तो इशारा कोणी वाचत नाही. ‘पुस्तक फार आवडलं’ यानंतर हसरा चेहरा आणि त्यापुढे दोन परिच्छेद असतील, तर टेबलात फक्त ‘पुस्तक फार आवडलं’ एवढंच उरतं. कापलेला भाग टेबलातून परत मिळणार नाही. नव्या अभिप्रायाची ईमेल तुम्हाला येत असेल तर तिथे पूर्ण मजकूर सापडेल.

मूळ दुखणं नावातच आहे. मायएसक्यूएलमधला ‘यूटीएफ८’ हा खरा यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याची पद्धत) नव्हे. त्यात एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात. देवनागरी अक्षर बरोबर ३ बाइटांत बसतं, म्हणून मराठी साइट वर्षानुवर्षं बिनबोभाट चालते. इमोजीला ४ बाइट लागतात. पूर्ण यूटीएफ-८ साठी मायएसक्यूएलने २०१० मध्ये, ५.५.३ या आवृत्तीत, ‘यूटीएफ८एमबी४’ आणला. आवृत्ती ८.० पासून तोच मुळात दिलेला असतो. जुन्या होस्टिंगवर आणि त्याहून जुन्या लेखांत अजून पहिलाच भेटतो.

करायचं ते असं. पूर्ण बॅकअप घ्या. मग प्रत्येक टेबलावर ‘ऑल्टर टेबल अभिप्राय कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ कोलेट यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय’ चालवा. एवढ्यावर थांबलात तर इमोजीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील, कारण पीएचपी (साइटचा प्रोग्राम ज्या भाषेत आहे ती) आणि डेटाबेस अजून जुन्याच सेटमध्ये बोलत असतात. डेटाबेसशी जोडणीला पीडीओ वापरत असाल तर जोडणीच्या ओळीत ‘कॅरसेट=यूटीएफ८एमबी४’ लिहा, मायएसक्यूएलआय असेल तर ‘सेट_कॅरसेट’ ला तेच नाव द्या. पुढच्या बॅकअपचंही बघा. ५.७ मधला मायएसक्यूएलडंप (बॅकअपची आज्ञा) काही न सांगितल्यास जुना यूटीएफ८ धरतो, म्हणजे साइटवर इमोजी ठीक आणि बॅकअपमध्ये गायब. त्याला ‘डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट’ सांगून टाका.

वाटेत १०७१ नंबरची एरर येऊ शकते : इंडेक्स ७६७ बाइटांपेक्षा मोठा. नेटवर यावर एकच मंत्र मिळेल, ‘व्हारकॅर (कॉलमची कमाल अक्षरसंख्या) २५५ चा १९१ करा’. हिशेब खोटा नाही : २५५ × ४ = १०२०, मावत नाही. १९१ × ४ = ७६४, मावतं. पण ५.७ पासून टेबलाचा रो फॉरमॅट (ओळी साठवण्याची पद्धत) ‘डायनॅमिक’ असेल तर मर्यादा ३०७२ बाइट आहे. तुमचं टेबल जुनं असल्याने ‘कॉम्पॅक्ट’वर अडकलं असेल. ‘रो_फॉरमॅट=डायनॅमिक’ केलंत की पुस्तकांची लांब नावं कापायची पाळी येणार नाही.

प्रश्न : सह्याद्रीतल्या वाटांवर एक ॲप करतो आहोत. ‘दऱ्या’ शोधलं तर थोडेच लेख सापडतात आणि काही लेखांत तर ‘दऱ्या’ ऐवजी ‘दर्या’ छापलं जातं! लेखकांनी बरोबरच लिहिलं होतं. मजकूर साफ करायला नेटवरची एक रेजेक्सची (मजकुरातले नमुने शोधायची सांकेतिक भाषा) ओळ वापरली आहे. — दोन मित्र, सातारा

डोंगरातल्या दऱ्या समुद्राला मिळाल्या, त्या त्याच एका ओळीने. ती ओळ ‘०९०० ते ०९७एफ या पट्ट्याबाहेरचं सगळं काढा’ अशी असणार. हे युनिकोडमधले अक्षरांचे क्रमांक; देवनागरीचा पट्टा तोच, म्हणून बघताना बिनचूक वाटते. ज्याने लिहिली त्याने ती हिंदी मजकुरावर तपासली असावी. हिंदीत हा ऱ्य नाही.

हा ऱ्य संगणकात कमीत कमी दोन प्रकारे साठतो आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. एक : नुक्त्याचा ऱ (०९३१), हलन्त, य. दुसरा : साधा र (०९३०), हलन्त, मग न दिसणारा जोडक (२००डी), मग य. कोणाचा कीबोर्ड काय उमटवतो ते लेखकालाही ठाऊक नसतं. तुमची ओळ दुसऱ्या प्रकारातला २००डी पट्ट्याबाहेरचा म्हणून उडवते. उरतं र, हलन्त, य, म्हणजे सरळ रफार. ‘आचाऱ्यास जेवायला वाढा’चं ‘आचार्यास जेवायला वाढा’ होतं आणि प्रोग्रामच्या मते सगळं आलबेल असतं.

शोधासाठी मजकुराची वेगळी प्रत ठेवा आणि मूळ मजकुराला हात लावू नका. त्या प्रतीवर याच क्रमाने काम करा. आधी युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण : र आणि सुटा नुक्ता असा तिसरा प्रकार कुठे आला असेल तर त्याचा ०९३१ होतो. मात्र २००डी असलेल्या प्रकाराला एनएफसी शिवतही नाही, तेव्हा ‘०९३०, ०९४डी, २००डी’ या तिकडीच्या जागी ‘०९३१, ०९४डी’ तुम्ही घाला. त्यानंतरच उरलेले २००सी (अक्षरं जुळू न देणारं, तेही न दिसणारं चिन्ह) आणि २००डी काढा. क्रम उलटा केलात की पुन्हा दर्या. वापरणारा जे शोधशब्द टाइप करतो त्यांनाही हेच सगळं लावायचं, नाहीतर एका बाजूला स्वच्छता आणि दुसऱ्या बाजूला जुनाच गोंधळ.

शब्द वेगळे काढायला पायथनमधलं ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ वापरत असाल तर तेही तपासा. ‘मराठी’ हा शब्द त्याला द्या, उत्तर ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे येईल. पायथनची अंगची ‘आरई’ लायब्ररी काना-वेलांटीला अक्षर मानत नाही. ‘रेजेक्स’ नावाची वेगळी लायब्ररी मानते. जावास्क्रिप्टात ‘यू’ फ्लॅग लावून एल (अक्षरं) आणि एम (मात्रांसारखी चिन्हं) हे दोन्ही वर्ग घ्या. नुसता एल घेतला की मात्रा पुन्हा गळतात, आणि नेटवरच्या नमुन्यांत बहुधा नुसता एल असतो. चाचणीला हे शब्द कायमचे ठेवून द्या : दऱ्या, दर्या, सुऱ्या, सूर्या, आचाऱ्यास, आचार्यास, तऱ्हा, वाऱ्यावर.

प्रश्न : वर्डप्रेसवर फोटो अपलोड होत नव्हते. ‘सीएचमॉड ७७७’ केल्यावर झाले. तसंच ठेवू का? — फोटोग्राफर, कोल्हापूर

नको. ७७७ म्हणजे त्या सर्व्हरवरच्या प्रत्येक खात्याला फाइल वाचायची, बदलायची आणि चालवायची मुभा. एका प्लगिनला भोक पडलं की कुठेही काहीही लिहिता येतं. तुमची अडचण परवानगीची कमी आणि मालकीची जास्त आहे : फोल्डर एका खात्याचं, वेबसर्व्हर चालतो दुसऱ्या खात्याने. उबंटू-डेबियनवर ते खातं सहसा ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ असतं. अपलोडच्या फोल्डरची मालकी त्याला द्या, फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४ आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेल्या कॉन्फिग फाइलला ६४० करा. रेड हॅटच्या घराण्यातला सर्व्हर असेल आणि एवढं करूनही नकार येत असेल तर एसईलिनक्स (सर्व्हरवरची जादा सुरक्षा-व्यवस्था) आडवा येतो आहे. त्याला बंद पाडण्याचे सल्लेही ढिगाने मिळतील. बंद न करता अपलोडच्या फोल्डरला लिहिण्याचं लेबल द्या.

प्रश्न : डिप्लोमाच्या मुलांचे पीएचपी प्रोजेक्ट ‘मायएसक्यूएल_कनेक्ट सापडत नाही’ म्हणून अडतात. मुलं जुन्या व्हिडिओंवरून करतात. कोणी पीएचपी ५.६ टाकतं, कोणी फंक्शनच्या नावात ‘आय’ घालून पुढे जातं. दुसरा मार्ग चालेल ना? — अधिव्याख्याता, सोलापूर

पहिला अजिबात नाही. ५.६ ची सुरक्षा-दुरुस्ती २०१८ अखेर थांबली. ‘मायएसक्यूएल_’ची फंक्शनं ७.० मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१५ लाच काढून टाकली आहेत.

‘आय’ घालणं अर्धवट आहे. एक तर क्रम बदलतो : ‘मायएसक्यूएलआय_क्वेरी’ला आधी जोडणी, मग क्वेरी लागते. ते मुलं धडपडून जमवतात. दुसरं त्यांच्या नजरेला येत नाही. क्वेरीत टिंब देऊन युजरचं नाव जोडण्याची पद्धत तशीच राहते आणि नावाच्या जागी अवतरणचिन्ह टाकून कोणीही आत शिरतो. तोंडी परीक्षेत फॉर्ममध्ये एकच अवतरणचिन्ह टाइप करायला लावा. पानावर डेटाबेसची एरर उमटली तर गुण कापायला हरकत नाही. ‘प्रिपेअर’ने क्वेरीचा साचा आधी तयार करून त्यात भरायची मूल्यं वेगळी द्यायची, हे पहिल्या तासापासून शिकवावं लागेल.

पासवर्ड बहुतेक जुन्या धड्यांत एमडी५ हॅशने (पासवर्डवरून काढलेला सांकेतिक मजकूर) ठेवलेला असतो. ५.५ पासून ‘पासवर्ड_हॅश’ आणि ‘पासवर्ड_व्हेरिफाय’ पीएचपीतच आहेत. बदल करताना कॉलमची लांबी बघायला सांगा. एमडी५ ला ३२ अक्षरं लागत, नव्या फंक्शनांतल्या बीक्रिप्टला ६० लागतात. कॉलम ३२ चा राहिला आणि स्ट्रिक्ट मोड बंद असला (वर नाशिकच्या पत्रात आहे तो) तर हॅश कापला जाईल, नोंदणी यशस्वी होईल आणि लॉगिन मात्र कधीच होणार नाही. मुलं मग लॉगिनचा कोड उसवत बसतात. कॉलम २५५ चा ठेवा.

प्रश्न : स्टॅक ओव्हरफ्लोवर (प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट) ज्या उत्तराला सर्वाधिक मतं आणि हिरवी खूण आहे ते डोळे मिटून घ्यावं का? — नवा प्रोग्रामर, ठाणे

हिरवी खूण म्हणजे विचारणाऱ्याचं त्या दिवशी भागलं. ती खूण त्यानेच दिलेली असते. मतं बरीचशी वर्षांची जमा असते, म्हणून जुनं उत्तर वर राहतं.

एक उदाहरण जवळून बघा. बाइटांची संख्या ‘केबी’, ‘एमबी’ अशी वाचनीय करून देणारं जावामधलं २०१० चं एक उत्तर आहे. गिटहबवरच्या (कोड ठेवायची साइट) जावा कोडमध्ये सर्वाधिक नकललं गेलेलं ते हेच, असं नंतरच्या पाहणीत निघालं. २०१९ मध्ये मूळ लेखकानेच जाहीर केलं की त्यात चूक आहे. त्याला ९,९९,९९९ बाइट द्या. तो आधी एकक ठरवतो : दहा लाखांना एक कमी, म्हणून ‘केबी’. मग हजाराने भागून ९९९.९९९, आणि छापताना एका दशांशापर्यंत पूर्णांकन. पडद्यावर येतं ‘१०००.० केबी’. यायला हवं होतं ‘१.० एमबी’. एकक आधी ठरलं आणि पूर्णांकन नंतर झालं, एवढीच गफलत, पण हजारो प्रकल्पांत गेली. कारण सगळ्यांनी ५०० आणि ५००० देऊन बघितलं, सीमेवरची संख्या कोणी दिली नाही. उचललेल्या कोणत्याही फंक्शनला शून्य, ऋण संख्या, आणि जिथे वागणं बदलतं त्याच्या एक अलीकडची व एक पलीकडची संख्या द्या. वर कॉमेंटमध्ये त्या उत्तराचा पत्ताही लिहा. परवान्याची ती अटच आहे, शिवाय उद्या तिथे दुरुस्ती झाली तर कळायला मार्ग राहतो.

प्रश्न : एआय सहायकाने एक पायथन पॅकेज टाकायला सांगितलं. पिपवर (पायथनची पॅकेजं टाकायचा प्रोग्राम) ते सापडलं आणि इन्स्टॉलही झालं, पण सहायकाने सांगितलेलं एकही फंक्शन त्यात नाही. विसरून जाऊ का? — डेटा ॲनालिस्ट, पणजी

विसरू नका. एआय पॅकेजची नावं बेमालूम रचतो आणि पुष्कळदा तेच नाव पुन्हा पुन्हा रचतो. म्हणून काही जण अशा नावांवर टपून असतात आणि त्या नावाने स्वतःचं पॅकेज चढवून ठेवतात. या प्रकाराला ‘स्लॉपस्क्वॉटिंग’ म्हणू लागले आहेत. घोळ वाढतो कारण खऱ्या पॅकेजांतही इम्पोर्टचं नाव आणि पिपचं नाव वेगळं असतं : इम्पोर्ट ‘सीव्ही२’, पॅकेज ‘ओपनसीव्ही-पायथन’. इम्पोर्ट ‘एसकेलर्न’, पॅकेज ‘सायकिट-लर्न’. त्यामुळे नाव विचित्र वाटलं तरी खटकत नाही.

सोर्स स्वरूपातलं पॅकेज टाकताना त्याची सेटअप फाइल चालते, म्हणजे तुम्ही इम्पोर्ट न करताही कोड चालून गेलेला असू शकतो. पायपीआयवर (पिप जिथून पॅकेजं आणतो ती साइट) त्याचं पान उघडा : पहिली आवृत्ती कधीची, सोर्सचा दुवा उघडतो का, त्या दुव्यावर खरोखर तोच प्रकल्प आहे का. तीन आठवड्यांपूर्वी चढवलेलं आणि सोर्स नसलेलं निघालं तर मशीन बाधित धरा. दुसऱ्या संगणकावरून गिटचे टोकन, क्लाउडच्या किल्ल्या आणि ब्राउझरात साठवलेले पासवर्ड बदला, ऑफिसच्या सिस्टीम विभागाला पॅकेजचं नाव व आवृत्ती कळवा आणि पायपीआयच्या पानावरून तक्रार नोंदवा. नुसतं ‘पिप अनइन्स्टॉल’ करून भागणार नाही, कारण जे चालायचं ते इन्स्टॉलच्या वेळीच चालून गेलं.

पुढच्या वेळी नाव एआयकडून न घेता त्या लायब्ररीच्या अधिकृत दस्तऐवजातली इन्स्टॉलची ओळ घ्या. शंका असेल तर ‘ओन्ली-बायनरी’ हा पर्याय ‘:ऑल:’ (दोन्ही बाजूंच्या कोलनसकट) देऊन चालवा, म्हणजे सेटअप फाइल चालणार नाही. इम्पोर्ट केल्यावर काय होईल ते मात्र तो रोखत नाही. मशीन साफ झाल्याचं सिस्टीम विभाग सांगेपर्यंत तिथून काहीही पुश करू नका.