जुन्या मॅटेडोरच्या आतले पार्ट (खिडकीचं रबर, बर्थच्या कड्या, सीट) नाशकात कुठे मिळतील?

तयार मिळणार नाहीत, हे आधी डोक्यात पक्कं करा. मॅटेडोर बनवणाऱ्या बजाज टेम्पोचं फोर्स मोटर्स होऊनच 2005 पासून किती वर्षं झाली, आणि मॅटेडोर तर त्याच्याही आधी बंद पडली, त्यामुळे इथे नाशकात द्वारकेला स्पेअर पार्टच्या दुकानांत तुम्हाला "माल बंद आहे" म्हणून परत पाठवलं ते खरंच आहे. अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात पूर्वी काहीतरी हाताला लागायचं, पण तोही महापालिकेने 2017 ला उठवला.

पण तुम्ही लिहिलंय की तुमचा भाऊ म्हणतोय "जुनं सगळं उपटून टाकू, नवीन फर्निचर करू", म्हणून मी लिहायला बसलो.

आमच्या अप्पांनी मॅटेडोरमध्ये दोन फोल्डिंग बर्थ करून घेतले होते, खाली स्टोव्हचा कप्पा. पंढरपूर, कोकण, सगळं त्यातच. बर्थ भिंतीला धरून ठेवायला पितळी कड्या होत्या, ओतीव, चांगल्या जाड. अप्पा गेल्यावर गाडी नीट करायची ठरली आणि मी गावाला असताना आमच्या भाऊजींनी कड्या, हँडलं, खिडकीच्या पट्ट्या सगळं गोणीत भरून किलोवर देऊन टाकलं, वर मलाच म्हणाले की असलं बाजारात पैशाला पासरी मिळतं. एक कडी वाचली, कारण तिचा स्क्रू गंजून बसलेला आणि त्यांच्याच्याने निघाला नाही.

त्या एका कडीवरून बाकीच्या केल्या. भांडी बाजारात चौकशी केली, पण तिथली मंडळी ठोकून भांडी करणारी, ओतकाम करणारे वेगळे, त्यांनीच मला एका ओतकामवाल्याचा पत्ता दिला. त्याने कडी हातात घेऊन पहिली गोष्ट ही सांगितली की जुना पीसच साच्याच्या वाळूत दाबला तर नवीन लहान निघेल, पितळ थंड होताना आक्रसतं, शंभर मिलीमीटरला साधारण दीड मिलीमीटर. मग जुन्या कडीवर मेणाचा पातळ थर चढवून साचा घेतला आणि भोक नंतर ड्रिल केलं. अप्पांच्या अंगठ्याने कडीला एक खळगा पडला होता, वर्षानुवर्षं दाबून दाबून. तो खळगा नव्या कड्यांतही उतरलाय, बोट बरोबर तिथेच बसतं. हे कुठलं मॉड्युलर फर्निचर देणार आहे?

तेव्हा तुटकं का होईना, एकही पीस फेकू देऊ नका, तेच तुमचं सॅम्पल. भावाला स्पष्ट सांगा.

खिडकीच्या रबराचं सोपं आहे. उन्हाने कडक न झालेला दोन-तीन इंचाचा तुकडा कापा, पत्र्याची आणि काचेची जाडी व्हर्नियरने घ्या आणि बसबॉडी बांधणाऱ्यांकडे जा. एका खाचेत पत्रा, दुसरीत काच, वरून फिलर पट्टी, असं सेक्शन त्यांच्याकडे रोलमध्ये असतं, बऱ्याचदा तेच जुळतं. ईपीडीएम जातीचं रबर मागा, साधं रबर उन्हात तडकतं. आणि कापताना थोडं जास्त ठेवून दाबून बसवा, नंतर सांध्यात फट पडत नाही. नाहीच जुळलं तर अंबड-सातपूरला डाय (साचा) करून तसंच रबर काढून देणारे सापडतील, पण डायचा खर्च आणि वर ते कमीत कमी अमुक मीटर घ्या म्हणतात, तेव्हा मॅटेडोरवाले दोन-चार जण मिळून करा.

सीटची पाइपची फ्रेम जुनीच ठेवा, वेल्डिंग मारून घ्या, काथ्या काढून 40 डेन्सिटीचा फोम, कुठलाही बरा कुशनवाला करेल. बर्थला मात्र मरीन प्लाय, आयएस 710 शिक्का बघूनच घ्या. भाऊजींनी कमर्शियल प्लाय लावला होता, इगतपुरीच्या पहिल्याच पावसात फुगला, आणि तरी अजून प्रत्येक लग्नकार्यात मला ऐकवतात की एवढ्या पैशात नवीन गाडी आली असती. आली असती, पण ती अप्पांची नसती.

हे सगळं करण्याआधी मॅट काढून फ्लोअरचा पत्रा आणि खालचं चॅनेल स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, सडलं असेल तर आतल्या कामाला अजून हात लावू नका. आणि सीट कमी-जास्त करणार असाल तर आधी पेठ रोडला आरटीओत विचारा, आरसीवर जेवढ्या सीट लिहिल्यात तेवढ्याच गाडीत पाहिजेत, नाहीतर फिटनेसला अडेल.