चवथीला घरी येशील तेव्हा

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

दहावीच्या वर्गातल्या सगळ्यांना नऊ वर्षांनी भेटायचं आहे, गोव्यात चार दिवस एकत्र काढायचे आहेत, पण सुरुवात कुठून करावी कळत नाही, असं तू लिहिलंस. सुरुवात तारखेपासून कर, आणि तारीख नव्याने शोधत बसू नकोस. पुणे, बंगळूर, दुबई, कुठेही असला तरी गोंयकार चवथीला घर गाठायला बघतो. डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत खोल्यांचे भाव चढलेले असतात, रस्ते तुंबलेले असतात आणि घरोघर पाहुणे असतात. चवथीला मात्र तुमची माणसं स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या ओढीने आलेली असतात. प्रत्येकाला एकच विचार, तुमच्याकडे गणपती दीड दिवसाचा की पाच दिवसांचा? ज्याचं विसर्जन सगळ्यांत शेवटी, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ एकत्र फिरायला धर, एकत्र काम करायचे दिवस चवथीच्या आधीचे. एखाद्याकडे नऊ दिवसांचा असेल तर त्याला घरून अर्धा दिवस सुटका मिळेल का, ते आधीच बोलून घे.

आता माणसं. अठ्ठावीस जणांचा ग्रुप काढलास की वीस जण ‘येतो’ म्हणतात आणि तीन आठवड्यांनी ग्रुप शांत होतो. त्यात कुणाची लबाडी नसते. सगळ्यांना मिळून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची जबाबदारी कुणा एकाची राहत नाही, एवढंच. म्हणून आधी तिघांना वेगवेगळे फोन कर, त्यांच्याशी दिवस पक्का कर आणि मग बाकीच्यांना ठरलेला दिवस कळव. पाच-सहा जण पुरे. एका टेबलाभोवती एकच गप्पा चालतात ती हीच संख्या, सातवा आला की दोन टोळकी पडतात.

जो मधल्या काळात दिसेनासा झाला, त्याच्याबद्दल तुला जास्त काळजी आहे ते पत्रावरून कळलंच. त्याला ‘कुठे गायब होतास?’ असं अजिबात लिहू नकोस. नोकरी गेली असेल, कर्ज झालं असेल, घरी काही बिनसलं असेल. त्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची ताकद नसली की माणूस उत्तरच देत नाही. एवढंच लिही: ‘रे, प्रयोगशाळेच्या मागच्या पायरीवर आपण डबा खायचो ते आठवलं. चवथीला येणार असलास तर विसर्जनानंतर अर्धा तास भेटू. उत्तराची घाई नाही.’ आठवण एकच, पण नेमकी. भेट छोटी, आणि नाही म्हणायला जागा मोकळी. पुढे तीन आठवडे गप्प राहायचं, मग एकदाच फोन करायचा. त्यानंतरही उत्तर नाही आलं तर यंदा सोडून दे, पुढच्या चवथीला पुन्हा लिही.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि चवथीच्या आठवड्यात कोकणकन्या, मांडवी या गाड्यांच्या जागा पहिल्या काही मिनिटांतच जातात. तो दिवस मुंबईहून येणाऱ्यांना तूच आठवण करून दे. आपल्या डिचोलीला येणाऱ्यांनी थिवी स्टेशनवर उतरायचं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक त्या सुमारास चालू असतं, गाड्या हळू धावतात आणि उशिराही येतात, म्हणून पोहोचायच्या दिवशी संध्याकाळी भेट ठेवू नकोस. विमानाने येणाऱ्यांना सांग की डिचोलीला दाबोळी विमानतळापेक्षा मोपाचा विमानतळ जवळ. तुम्ही शाळा सोडली तेव्हा मोपा सुरूच नव्हता, तो चालू झाला जानेवारी 2023 मध्ये, त्यामुळे कुणीतरी सवयीने दाबोळीचं तिकीट काढतंच.

पैशांचं बोलायला लाजू नकोस. ज्याला सगळ्यांत कमी परवडतं त्याच्या बेताने खर्च ठरव, पण तो कोण हे चारचौघांत विचारू नकोस. फोनवर एकेकट्याला आकडा विचार आणि त्यातला सगळ्यांत लहान आकडा सगळ्यांसाठी धर. पैसे आधी गोळा कर, एकाच्याच हाती ठेव, वर दहावा हिस्सा जास्त घे आणि उरलेले शेवटच्या संध्याकाळी मोजून परत कर. दारूचा हिशोब मात्र वेगळा ठेवायचा. न पिणाऱ्याच्या मनात खटकत राहतं ते नेमकं हेच बिल, आणि तो ते बोलून दाखवत नाही.

आता मुख्य गोष्ट. जुन्या आठवणी पहिल्या संध्याकाळी दोन तासांत संपतात. दुसऱ्या दिवशी तेच किस्से पुन्हा निघाले की हसू ओढूनताणून येतं आणि प्रत्येक जण फोन काढतो. म्हणून हाताला काम हवं. तुमच्यापैकी ज्याच्या घरी आईवडील दोघंच आहेत, त्यांच्या परवानगीने माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला जा. चवथीच्या दोन दिवस आधी डिचोलीच्या बाजारात एक फेरी मारायची: शेंड्यांसकट नारळ, सुपारीचं शिपटं, तवशी, चिबूड, म्हावळुंग, आंबाडे, कवंडळाची लालबुंद फळं, घागऱ्यांच्या शेंगा. कवंडळ खायचं नसतं, ते घरातल्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. चौकट टांगण्याआधी दोर ओढून बघा. जड वस्तू आधी, आणि समोरासमोरच्या बाजूंना सारख्या वजनाच्या. एका कोपऱ्यात नारळ दाटले की चौकट कलते, मग सगळं सोडवून पहिल्यापासून बांधावं लागतं. हलकी फळं आणि घागऱ्या शेवटी. एक जण स्टुलावर, एक जण खालून फळ देणारा, एक जण गाठी मारणारा. डोळे वर माटोळीकडे लागलेले असले की जे समोरासमोर बसून विचारता येत नाही ते सहज विचारलं जातं. बापाच्या आजारपणाबद्दल, मोडलेल्या लग्नाबद्दल माणूस अशा वेळी बोलतो. तेव्हा गाठ मारणं थांबवू नका, आणि सल्ला तर मुळीच देऊ नका.

विसर्जनानंतरच्या दिवशी किनारा नको. समुद्र अजून खवळलेला असतो, लाल बावटा असला की पाण्यात उतरायचं नसतं. दूधसागर धबधब्याच्या जीपगाड्याही पावसाळाभर बंद असतात. त्यापेक्षा डिचोली तालुक्यातलं नार्वे गाव गाठा. तिथलं सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये उभारून घेतलं. देवाचं मूळ स्थान समोरच्या दिवाडी बेटावर होतं. देऊळ बघून फेरीबोटीने दिवाडीला जा, बेटावर सावकाश फिरा, आणि दुसऱ्या फेरीने जुन्या गोव्याला उतरा. म्हणजे देव ज्या वाटेने आला ती वाट तुम्ही उलट चालता. फेरी चुकली तर चुकू दे, धक्क्यावर पुढच्या फेरीची वाट बघण्यातच अर्ध्या गप्पा होतात. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही.

भाड्याची स्कूटर घेणारे असतील तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे. फेरीचा उतार शेवाळाने निसरडा झालेला असतो, तिथे मागच्याने उतरून चालावं, चालवणाऱ्याने गाडी सरळ ठेवावी आणि पुढचा ब्रेक दाबू नये.

बायका-नवरे, मुलं यांना एक दुपारचं जेवण द्या आणि तसं आधीच सांगा. बाकी वेळ फक्त तुमचा. नाहीतर ओळखी करून देण्यातच दिवस सरतो.

फोटो शंभर काढू नका. फेरीवर एक काढा, शाळेच्या फोटोत ज्या क्रमाने उभे होता त्याच क्रमाने. गैरहजरांच्या जागा रिकाम्या सोडा. त्याच संध्याकाळी स्टुडिओतून चार बाय सहाच्या प्रती काढून घ्या. मागे नावं आणि तारीख बारीक मार्करने लिहा, बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला उमटतं. शाई वाळेपर्यंत प्रती एकावर एक ठेवू नका.

एक प्रत जास्तीची काढ. ज्याने उत्तर दिलं नाही, त्याच्या घरचा पत्ता आजच त्याच्या आईकडून मागून ठेव.

तुझा,
काका